लाल गुडघ्यांची सोयरीक

आमच्या घरी पाहुणे फार वेळ टेकत नाहीत. चहा होतो, कोणीतरी विचारतं की मागच्या खोलीचे पडदे दिवसाही ओढलेले का, मी खरं ते सांगते, आणि मग त्यांना एकाएकी काहीतरी काम आठवतं. मला त्याचं कधी वाईट वाटलं नाही. काही नातेवाईक तर असे आहेत की ते आले की मी स्वतःहून त्या खोलीचा विषय काढते.

त्या खोलीत मी कोळी पाळते. छताला जाळं करून लटकणारे किरकोळ कोळी नव्हेत, टॅरँटुला. तळहाताएवढे, केसाळ, जमिनीवर बसून भक्ष्याची वाट पाहणारे. जात परदेशी, पण जन्म इथलाच, पुण्या-बंगळुरातल्या कुणा हौशी माणसाच्या घरी बरणीत झालेला. मी अमरावतीला एका सरकारी कार्यालयात जमिनीचे नकाशे सांभाळते. नवरा बडनेऱ्याला रेल्वेत आहे. मुलगी लग्न होऊन नाशिकला गेली. ती गेली आणि आईने एकटेपणापायी कोळी पाळले, असं आमच्याकडचे लोक सांगत असतात. ते साफ खोटं आहे. कोळी तिच्या लग्नाच्या आधीपासून होते. सोयरे पाहायला आले तेव्हा मी ते शेजारणीच्या गच्चीवरच्या खोलीत नेऊन ठेवले होते, एवढंच.

सुरुवात चिखलदऱ्याला झाली. ऑफिसची सहल होती. मुक्कामाच्या जागी न्हाणीच्या भिंतीवर एक मोठा करडा कोळी बसलेला. बायका ओरडत बाहेर पळाल्या, एका साहेबांनी चप्पल मागवली. मी मधे उभी राहिले. का ते मला आजही नीट सांगता येत नाही. तो कोणाचं काहीच करत नव्हता, एवढं दिसत होतं. मी त्याच्यावर बादली उपडी घातली, खालून पुठ्ठा सरकवला आणि बाहेर झाडीत सोडून आले. जंगलातलं जंगलातच राहावं हे माझं तेव्हाही मत होतं, आजही आहे. पण तो डोळ्यांपुढून हलेना. मोबाईलवर शोधाशोध केली, पाळणारे लोक सापडले, आणि एके दिवशी कुरिअरने तुरीच्या डाळीएवढं एक पिल्लू घरी आलं, ओल्या टिश्यूपेपरच्या घडीत. नवऱ्याने चष्मा लावून ते पाहिलं आणि म्हणाला, "पैसे देऊन मकडी आनली तू? न्हानीत तं फुकट भेटतात."

त्या एकाचे पुढे दोन झाले, दोनाचे चार. प्रत्येक वेळी मी म्हणे की हा शेवटचा, आणि नवरा म्हणे की हो, मागचाही शेवटचाच होता. नवीन कोळी घरात आणायची एक रीत आहे, ती मात्र मी कधी मोडली नाही. आल्या आल्या त्याला जुन्यांच्या खोलीत न्यायचं नाही, अंगावर बारीक किडे असले तर सगळ्यांना लागतात. वेगळ्या जागी, अंधारात, पाण्याची वाटी ठेवून सोडून द्यायचं. सारखं झाकण उघडून बघायचं नाही. खायला घालायची घाई करायची नाही. तो जागेला रुळला की आपण होऊन बाहेर येतो, आपण फक्त थांबायचं. हे थांबणं मी कोळ्यांकडून इतकं पक्कं शिकले की माणसांच्या बाबतीतही तेच करत बसले.

ते पहिलं पिल्लू मादी निघालं. काळे पाय आणि प्रत्येक गुडघ्यावर शेंदरी लाल पट्टा. चार-पाच वर्षांत ती एवढी झाली की तिला नीट काचपेटी हवी होती. अमरावतीतले काचवाले मला मासे पाळणारी समजायचे. पेटीत पाणी भरायचं नाही म्हटलं की त्यांचा गोंधळ व्हायचा, आणि वर जाळी, बाजूला भोकं हवीत म्हटलं की ते दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळायचे. मग ऑफिसातल्या एकाने अकोल्याच्या एका फ्रेमवाल्याचं दुकान सांगितलं.

दुकान जुन्या वस्तीत होतं. भिंतभर चौकटी. देव, पुढारी, मक्का-मदिना, बारावीत पहिली आलेली मुलं, हार घालायला तयार केलेले मेलेले लोक, सगळे एका ओळीत. मधे पांढऱ्या दाढीचे, साठी ओलांडलेले एक गृहस्थ काच कापत होते. मी माप सांगितलं. त्यांनी मान वर न करता विचारलं की यात काय ठेवता. मी म्हटलं, कोळी. आता हसतील म्हणून मी तोंड वाकडं करून तयारच होते. त्यांनी काचेवरचा हात थांबवला आणि विचारलं, "जमिनीवरची हाय का झाडावरची?"

त्यांनी शटर अर्धं खाली ओढलं आणि मला मागच्या खोलीत नेलं. तिथे फळ्यांवर पेट्या होत्या, स्वतः बनवलेल्या, एकीची कड दुसरीहून जास्त देखणी. वऱ्हाडात हे वेड आपल्या एकट्यालाच आहे असं त्यांना इतकी वर्षं वाटत होतं. मलाही तसंच वाटत होतं. त्या दिवशी माझी परतीची गाडी गेली आणि मला त्याचं काही वाटलं नाही. मी त्यांना भाई म्हणू लागले, ते मला ताई म्हणू लागले.

पुढची काही वर्षं फार सुखाची गेली. कोणी कात टाकली की फोन. कोणी खाणं सोडलं की फोन. कोळ्यांना खायला म्हणून डब्यात पाळलेली माझी झुरळं संपली की ते आपल्या डब्यातली पाठवायचे, तीही ओळखीच्या कंडक्टरजवळ, मिठाईच्या खोक्यात घालून आणि वर 'खाऊ नये' असं लिहून. उन्हाळ्यात अकोला तापलं की आमची एकच चर्चा चाले, कूलर कोणाच्या खोलीत लावायचा. माझ्याकडे कूलर कोळ्यांना होता आणि नवऱ्याला पंखा. यावर तो अजूनही बोलतो. भाईंच्या बायकोला जाऊन बरीच वर्षं झाली होती, एकुलता मुलगा हैदराबादला नोकरीत. तेव्हा भाईंच्या कूलरवर कोणी हक्क सांगणारं नव्हतं.

त्यांच्याकडेही एक लाल गुडघ्यांचा होता. या जातीत लहानपणी नर-मादी ओळखू येत नाही. एकदा दुपारी त्यांचा फोन आला, "ताई, आपला पोरगा लग्नाचा झाला."

नर शेवटची कात टाकून वयात आला की त्याचं आयुष्य वर्षभराचं, फार तर थोडं पुढे. मादी वीस-पंचवीस वर्षं जगते. त्यामुळे पाळणाऱ्यांमध्ये एक रिवाज आहे. ज्याच्याकडे नर असेल त्याने तो मादीवाल्याकडे न्यायचा. तो जिवंत परत येईल याची हमी कोणी देत नाही, मादीच्या मनात आलं तर ती त्याला खाते. पण पिल्लं झाली तर निम्मी नरवाल्याची. सगळं शब्दावर चालतं.

आम्ही त्याची रीतसर सोयरीकच करून टाकली. भाई मला विहीण म्हणून इहीनबाई म्हणायला लागले, मी त्यांना व्याही म्हणून इवाईबुवा. मुलीच्या लग्नात खऱ्या व्याह्यांपुढे वाकून वाकून माझी कंबर गेली होती. कोणाला आधी वाढायचं, कोणाला फोनवर बोलावलेलं चालेल आणि कोणाकडे अक्षता घेऊन स्वतः गेलं पाहिजे, यातच माझा जीव निम्मा झाला होता. आता थट्टेतला व्याही मिळाला होता, तर मी सगळी हौस फेडून घेतली. दिवाळी झाल्यावर ते नवरदेवाला प्लास्टिकच्या डब्यात, डबा कापडी पिशवीत आणि पिशवी मांडीवर घेऊन रेल्वेने आले. बडनेऱ्याला माझा नवरा त्यांना घ्यायला गेला होता. सोयऱ्याला रिकाम्या हाताने कसं आणायचं म्हणून त्याने येताना गिला वडा बांधून आणला. ज्या माणसाने सात वर्षांत त्या खोलीत पाऊल टाकलं नव्हतं, तो त्या दुपारी दारात खुर्ची टाकून बसला.

नवरदेवाला पेटीत सोडलं. तो बराच वेळ जागचा हलला नाही. मग त्याने पुढच्या पायांनी मातीवर टपटप केलं. थोडा वेळ काही नाही. आणि मग कोपऱ्यातून तिनेही मातीवर टपटप केलं. भाई आणि मी दोन बाजूंनी लांब चिमटे आणि पुठ्ठा धरून उभे होतो, ती अंगावर गेलीच तर मधे घालायला. काही लागलं नाही. काम झालं आणि नवरदेव असा पळाला की भाईंनी त्याला डब्यात घेईपर्यंत माझा नवरा खुर्चीवर उभा होता.

जाताना भाई दारात थांबले. म्हणाले, "अंड्याची पिशवी झाली की थे उघडाले मी येतो. तेवढं माह्या हातानं होऊ द्या." मी म्हटलं, तुमच्याशिवाय कोण हात लावतं. वाक्य साधं होतं, सोयऱ्याला देतात तसा मान दिला होता. पण ते बोलून मी स्वतःला बांधून घेतलं, हे तेव्हा कळलं नाही.

नवरदेव त्यानंतर अकोल्यात थोडे आठवडे जगला. थंडीत गेला. भाईंनी फोनवर एवढंच सांगितलं की वय झालं होतं, सकाळी हलला नाही. म्हणजे आता जे काही होतं ते माझ्या मादीच्या पोटात होतं.

त्याच सुमारास त्यांनी दुसरी बातमी सांगितली. गुडघ्यांनी जिना चढवत नव्हता, काच कापताना हात सरळ राहत नव्हता. मुलाचं म्हणणं होतं की आता एकटं राहू नका. दुकान विकायचं ठरलं होतं, ईद झाली की हैदराबाद. तिथे सहाव्या मजल्यावर दोन खोल्या, दोन लहान नातवंडं आणि पालीलाही घाबरणारी सून. कोळी न्यायचा प्रश्नच नव्हता. सगळे मीच घ्यावेत असं त्यांनी मला अगदी सहज सांगितलं, दुकानातल्या उरलेल्या काचांबद्दल बोलावं तसं. मग म्हणाले, "पन एक पिल्लू नेईन म्हनतो. डायीएवढं राह्यते, खिशात मावते. सुनेले दिसनार बी नाही. मोठं व्हाले चार-पाच वर्स लागते. तवापर्यंत तिले सवय होईन, नाई तं मी तरी कुठं राह्यतो."

ते हसले. मी हसले नाही. त्यांच्या नराचं एक पिल्लू त्यांच्या खिशात गेलं पाहिजे, या एका गोष्टीत त्या दिवसापासून माझा जीव अडकला.

संक्रांतीनंतर तिने पेटीचा एक कोपरा जाळ्याने मढवला आणि एका सकाळी पाहते तर तिच्या पायांत लिंबाएवढी पांढरी पिशवी. मी ऑफिसला जाताना फोटो पाठवला. भाईंचा लगेच फोन आला. म्हणाले, "मुबारक हो, इहीनबाई."

ही पिशवी आई पोटाशी धरून बसते, फिरवत राहते, कोणी जवळ आलं तर अंगावर येते. पण तिला फार त्रास झाला, भीती वाटली, तर ती पिशवी खाऊनही टाकते. म्हणून महिना-सव्वा महिना झाला की पाळणारे ती हळूच काढून घेतात, बरणीत कापडाच्या झोळीत ठेवतात आणि स्वतःच्या हाताने रोज फिरवतात. मी बरणी उकळून वाळवून ठेवली होती. कापडही बांधलं होतं. हात घालायची मला भीती नव्हती. फक्त ते काम माझं नव्हतं. मी शब्द दिला होता, आणि शब्द देताना जिची थट्टा केली होती ती सोयरीक आता खरीच होऊन बसली होती.

महिना होत आला. मी रोज ठरवी की आज भाईंना सांगायचं, या. आणि रोज मला काही ना काही सुचे. त्यांचं दुकान रिकामं होत होतं. मुलगा हैदराबादहून येऊन सामान बांधत होता. अशा वेळी "या" म्हणणं म्हणजे "या आणि आपला वाटा एकदाचा घेऊन जा" असं तर वाटणार नाही? त्यांना सवड झाली की ते येतील. त्यांनी स्वतःच तर म्हटलं होतं येतो म्हणून. आम्ही फोनवर मात्र बोलत होतो. ते विचारायचे, सगळं ठीक? मी म्हणायची, ठीक. मग मी विचारायची, गुडघा कसा आहे? ते म्हणायचे, आहे तसाच. पिशवीभोवती गोल फिरून आम्ही दोघेही फोन ठेवून द्यायचो.

नवऱ्याला हे कळेना. एकदा जेवताना म्हणाला, "काहून फोन हातात घेऊन बसून राह्यली? बोलव ना त्याले, नाई तं तूच काढ." मी त्याच्यावर चिडले. म्हटलं तुम्हाला यातलं काय कळतं. पुण्याची माझी एक सहकारी नेहमी म्हणायची की तुम्ही वऱ्हाडी लोक साधं पाणी मागता तेही भांडल्यासारखं. आम्हाला त्याचा अभिमान होता, मलाही आहे. तोंडावर बोलायचं, मनात ठेवायचं नाही. आणि नेमकं इथे येऊन माझ्या तोंडाला कुलूप लागलं. भीड ही भिकेची बहीण असं माझी आई म्हणायची. आईच्या म्हणी मला नेहमी काम होऊन गेल्यावर आठवतात.

मार्च आला की आमच्याकडे खोदकामं निघतात. आमच्या गल्लीच्या तोंडाशी नाली खोदायला मोठं यंत्र आलं. काम उरकायची घाई असावी, रविवारीही ते चालू होतं. घरात भांडी थरथरत होती. मी मागच्या खोलीत जाऊन बसले. पेटीखाली जाड सतरंजी घातली, पडदे दुहेरी केले. ती पिशवी घट्ट धरून कोपऱ्यात मागे मागे सरकत होती. तो रविवार मी तिच्यासमोर मोबाईल हातात घेऊन काढला. भाईंचा नंबर काढायचा आणि परत बंद करायचा. उद्या, मी म्हटलं. उद्या सकाळी लावते.

सोमवारी सकाळी नेहमीच्या वेळेच्या आधीच ऑफिसातून तातडीचं बोलावणं आलं. संध्याकाळी परत आले तेव्हा ती पेटीच्या मधोमध निवांत बसली होती. पायांत काही नव्हतं. मातीवर पांढऱ्या जाळ्याच्या थोड्या चिंध्या होत्या. मी टॉर्च लावून कोपरे पाहिले, चिमट्याने माती उकरली, पुन्हा पाहिली. मग तिथेच फरशीवर बसले. नवरा दारातून म्हणाला की पाणी आणू का. मला रडू आलं, आणि कोळ्याच्या अंड्यांसाठी कोणी रडतं का, असं मनात येऊन जास्तच आलं. अंड्यांसाठी नव्हतं ते.

भाईंना फोन केला. त्या वेळी मात्र एका झटक्यात लागला. मी म्हटलं, भाई, तिनं खाल्ली. खोदकामाचं मी सांगितलं नाही, ते आपल्या अंगाशी आलं म्हणून यंत्रावर ढकलल्यासारखं वाटलं असतं. ते शांतपणे म्हणाले, "होते ताई. पयल्या खेपेले होते असं कवा कवा." मग त्यांनी विचारलं की ती खाते-पिते का, आणि आणखी दोन-तीन दिवस तिला हात लावू नका असं बजावलं. माझी समजूत काढत होते ते.

ईद झाल्यावर आम्ही शेजाऱ्याची गाडी घेऊन अकोल्याला गेलो. दुकान रिकामं झालं होतं. भिंतीवर जिथे जिथे चौकटी होत्या तिथे रंग ताजा राहिला होता. मागच्या खोलीत पेट्या ओळीने बांधून तयार होत्या, प्रत्येक पेटीत पाणी काढून ओला कापूस ठेवलेला, प्रत्येकीला वर्तमानपत्राची घडी. शीरखुर्मा त्यांच्या शेजाऱ्यांकडून आला होता, तो आम्ही उभ्याउभ्याच खाल्ला. मग ते एकेका पेटीवर हात ठेवून सांगत गेले. ही रागीट आहे. हिला उन्हाळ्यात दोनदा पाणी. हा खात नाही, पण घाबरू नका, त्याचं असंच असतं. इतके नवीन कोळी माझ्या घरी एकदम कधीच आले नव्हते. पाळणाऱ्या माणसाला याहून मोठा दिवस कोणता. मला मात्र प्रत्येक पेटी उचलताना वाटत होतं की मी या माणसाचं घर उचलून नेते आहे.

मी एक गोष्ट घेऊन गेले होते. माझ्याकडे दुसऱ्या जातीचं एक लहान पिल्लू होतं, ते मी छोट्या बाटलीत घालून पर्समधून नेलं होतं. ते त्यांच्या हातावर ठेवलं आणि म्हटलं, भाई, हे न्या, खिशात मावतं. त्यांनी बाटली उजेडाकडे धरून पुष्कळ वेळ पाहिली. मला वाटलं नेतील. मग त्यांनी ती माझ्या पर्समध्ये परत ठेवली, पर्सची चेन लावली.

"चांगलं हाय," ते म्हणाले. "पन आपल्या पोराचं नाही ना हे."

आम्ही पेट्या गाडीत लावायला लागलो. भाई दोरी आवळत होते, नवरा गाडीत बसला होता. भाई त्याला म्हणाले की पुढचा सगळा रस्ता नीट आहे, फक्त तुमच्या गल्लीत शिरताना जपून, तोंडाशीच खोदून ठेवलंय, पेट्या हादरतील.

मी हातातली पेटी खाली ठेवली. आमच्या गल्लीत खोदलंय हे मी त्यांना सांगितलं नव्हतं. नवऱ्यानेही नाही, मी त्याच्याकडे पाहिलं तर तोही माझ्याकडेच पाहत होता.

मी विचारलं, "भाई, तुमी कवा आलते?"

ते दोरीला गाठ मारत राहिले. गाठ झाली तरी मारत राहिले. मग म्हणाले, "आलतो एक डाव. रविवार पाहून आलतो, म्हनलं तुमी घरी असान. बरनी, कपडा, समदं घेऊन आलतो. गल्लीच्या तोंडाशी थे मशीन चालू. म्हनलं, हा हादरा तिले सोसनार नाही, आजच काढा लागते. दोन पाय पुढं गेलो बी." त्यांनी गाठ पुन्हा ओढून पाहिली. "मंग वाटलं, कोनं बोलावलं नाही, काही नाही, अन् आपन बरनी घेऊन दारात उभे. तुमाले वाटलं असतं, वाटा घ्याले आला. बडनेऱ्याले चाय पेलो अन् परत आलो."

हे सांगताना त्यांच्या बोलण्यात कसलाही ठपका नव्हता. माझ्याबद्दल तर नव्हताच. आपल्याच वेंधळेपणाची गोष्ट सांगावी तसं ते सांगत होते, आणि शेवटी थोडे हसलेही.

मला ते मनात ठेवता आलं असतं. इतके दिवस सगळं मनातच तर ठेवलं होतं. पण त्या क्षणी माझ्याने राहवलं नाही. मी म्हटलं, "भाई, मी त्या रविवारी घरीच होती. दिवसभर तुमचा नंबर काढून बसली होती."

त्यांनी दोरी सोडली आणि पहिल्यांदाच माझ्याकडे सरळ पाहिलं.

"मंग लावला काहून नाही, ताई?"

मी खाली ठेवलेली पेटी उचलून गाडीत लावली. भाई आता हैदराबादला आहेत. अधूनमधून फोन करतात, एकेकीची चौकशी करतात, आणि सगळे मजेत आहेत हे मी खरंच सांगते. त्यांच्या सगळ्या पेट्या माझ्या खोलीत आहेत. पण त्या दुपारी त्यांनी मला जे विचारलं, ते आमच्या रोजच्या बोलण्यातलं, कोणीही कोणालाही विचारावं असं वाक्य होतं. तेवढंच एक वाक्य आम्हा दोघांपैकी कोणी त्या रविवारच्या आधी बोललं असतं, तर म्हाताऱ्याच्या खिशात आज त्याचं पिल्लू असतं.